पहिल्यापासून, सावकाश

९ फेब्रुवारी

चि. स्वल्पविराम,
अ. आ. (म्हणजे अनेक आशीर्वाद, आणि या वेळी थोडी अजिजीसुद्धा.)

फोन न करता पत्र का, असं तुला वाटेल. मी फोनवर भडाभडा बोलायला लागले की ह्यांचा चेहरा उतरतो. त्या झटक्यानंतर स्वतःला बोलता येत नाही आणि बायको मात्र पलीकडच्या खोलीत धबधब्यासारखी वाहते आहे, हे कुणाला आवडेल? म्हणून आता ठरवलंय, बातम्या कागदावर.

तुझे मामा दवाखान्यातून घरी आले. उजवा हात अजून हलत नाही, उजवा पाय फरफटत का होईना चालतो. आपण बोललेलं सगळं कळतं. पण मराठीचा एक शब्द तोंडातून निघत नाही. निघतं ते इंग्रजी, आणि तेही आपल्या पुढच्या खोलीत मुलांना शिकवायचे तेवढंच. बोलायला शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा येतात. त्या म्हणतात, एखाद्याच्या बाबतीत असं होतं, जे जन्मभर घोटलेलं असतं तेच आधी वर येतं. मराठीही येईल, पण पहिल्या काही महिन्यांत जे येईल ते येईल, पुढचं त्यांनाही सांगता येत नाही.

आता माझी फजिती ऐक. सकाळपासून ह्यांचं चालू असतं, "ऑन द टेबल. ऑन द टेबल." टेबल एवढं मला कळतं. म्हणून मी पाण्याचा पेला टेबलावर ठेवला. मानेने नाही म्हणाले. मग चष्मा ठेवला, रेडिओ ठेवला, उशी ठेवली. एक चप्पलसुद्धा ठेवून पाहिली. अख्ख्या घराचं बिऱ्हाड टेबलावर आलं तरी ह्यांचं समाधान नाही. शेवटी डाव्या हाताने टेबलावर अशी थाप मारली की रेडिओ आपोआप सुरू झाला. मी हसले, मग शिलाईच्या खोलीत जाऊन रडले.

लग्नापासून हा माणूस मला "अगं" म्हणत आला. कधी कंटाळा यायचा, ब्लाउजचा गळा कापताना नेमकी हाक यायची. आता माझ्याकडे बोट दाखवून "नेक्स्ट" म्हणतात. मी माझ्याच घरात नेक्स्ट झाले आहे. तो "अगं" परत ऐकायला मिळेल की नाही, या एकाच गोष्टीची मला धास्ती आहे. बाकी हात, पाय, ते मी बघून घेईन.

तू शाळेची सगळी वर्षं त्या पुढच्या खोलीत बसलीस. ह्यांना काय हवंय ते तुलाच माहीत असणार. सांग.

माया आहेच, ती पत्रातून कमी दिसली तरी मोजू नकोस.
तुझी
मामी


१५ फेब्रुवारी

ती. मामीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र कारखान्यातल्या जेवणाच्या सुट्टीत वाचलं. चप्पल टेबलावर, इथे मी इतकी हसले की शेजारच्याने पाणी आणून दिलं. पुढचं वाचलं आणि ते पाणी खरंच लागलं.

मामी, त्याला टेबलावर काहीही नकोय. त्याला वाक्य हवंय. वर्गात तो आधी तुकडा द्यायचा, "ऑन द टेबल", आणि बोट ज्याच्याकडे जाईल त्या मुलाने त्याला पूर्ण वाक्य करून परत द्यायचं. "द बुक इज ऑन द टेबल." मग तो टेबलावर एक थाप मारायचा आणि म्हणायचा, "नेक्स्ट." तो तुला चेंडू टाकतोय आणि तू तो झेलून कपाटात ठेवते आहेस.

आता धडा. तुझ्यासाठी शिलाईच्या भाषेत. आपण आधी टेबल म्हणतो आणि "वर" त्याला मागून टाचतो: टेबलावर. इंग्रजीत ते "वर" पुढे चालतं आणि टेबल त्याच्या मागून येतं: ऑन द टेबल. अंडर द टेबल, म्हणजे खाली. इन द ड्रॉवर, म्हणजे आत. बिहाइंड द डोअर, म्हणजे मागे. हा जोड एकदा जमला की तो शिवून तयार असलेला खिसा समज. मग फक्त एवढंच बघायचं, तो कशाला लावायचा. "द कप ऑन द टेबल" म्हटलंस तर खिसा कपाला लागला: कुठला कप, तर टेबलावरचा. "पुट द कप ऑन द टेबल" म्हटलंस तर तो ठेवण्याला लागला: कुठे ठेव, तर टेबलावर. मामा नुसता खिसा हातात देत होता आणि तू समजलीस, सामान भरायला सांगतोय.

सोबत वाक्यं लिहून पाठवते आहे, आपल्याच लिपीत. पुढच्या वेळी तो "ऑन द टेबल" म्हणाला की तू म्हण, "द कप इज ऑन द टेबल." उच्चाराची काळजी नको. आमचे उच्चार ऐकूनही तो माणूस जिवंत राहिला.

एक आठवतं. कुणी चुकलं, अडखळलं की तो बोट वर करून म्हणायचा, "घाई नको. पहिल्यापासून, सावकाश." मी तर दर तीन शब्दांनी थांबायचे, म्हणून हे नाव पडलं. दुसऱ्या कुणी मला बावळट म्हटलं असतं. त्याने विरामचिन्ह म्हटलं.

तुझी माया मोजत नाही, मापं घेणं तुझं काम.
तुझी
स्वल्पविराम


२६ फेब्रुवारी

चि. स्वल्पविराम,
अ. आ.

झालं ते जसं झालं तसं सांगते. सकाळी ह्यांनी सुरू केलं, "ऑन द टेबल." मी मशीन थांबवलं, हात पुसले, शाळेत उभं राहतात तशी उभी राहिले आणि म्हटलं, "द कप इज ऑन द टेबल."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग डावा हात उचलून टेबलावर हळूच एक थाप मारली आणि म्हणाले, "अंडर द टेबल." मी म्हटलं, "द शू इज अंडर द टेबल." बूट तिथे होताच, मीच कंटाळून टाकला होता. तुझे मामा हसले. अर्धाच चेहरा हसतो अजून, पण त्या अर्ध्यात सगळं होतं. तुझे उपकार कसे फेडू ते सुचत नाही, म्हणून तुझ्या मापाचा एक कोट कापायला घेतला आहे.

आता रोज वर्ग भरतो. मी काज करता करता वाक्यं पाठ करते. कापड घ्यायला आलेल्या बाईला मी चुकून "बिहाइंड द डोअर" म्हटलं, तर ती बिचारी वळून बघायला लागली.

पण आता नवं संकट. परवापासून "कॅन, मे, मस्ट, शुड" असा जप चालू आहे. हे कुठे ठेवायचे खिसे? लवकर लिही. ह्यांचं बोट माझ्याकडे असतं आणि मी मान खाली घालून बसते.

आणखी एक विचारू? आमच्यात भांडण व्हायचं ते तुला ठाऊकच आहे, रोजचं, मीठ-मिरचीइतकं. आता हा माणूस इंग्रजीच बोलत राहिला तर मी भांडू कशी? "द कप इज ऑन द टेबल" हे कितीही रागाने म्हटलं तरी त्याला धार येत नाही.

कोटाला आतला खिसा हवा की नको, ते कळव. बाकी मी आहे तिथेच आहे, पुढच्या खोलीत, पहिल्या बाकावर.
मामी


४ मार्च

ती. मामीस,
सा. न. वि. वि.

खिसा हवा, आतलाच.

भांडणाची सोय याच पत्रात आहे. कॅन, मे, मस्ट, शुड हे खिसे नव्हेत. ही घरातली मोठी माणसं. मामा असंच शिकवायचा. कॅन म्हणजे कमावता मुलगा, अंगात धमक आहे, करू शकतो. मे म्हणजे दार वाजवून आत येणारा पाहुणा, परवानगी मागतो किंवा देतो. मस्ट म्हणजे आजोबा, तिथे सुटका नाही. आणि शुड म्हणजे आत्या, तिचं ऐकावं हे बरं, नाही ऐकलं तर ती महिनाभर बोलून दाखवेल. यांच्यापैकी कुणीही पुढे उभं असलं की मागचं क्रियापद टोपी काढून, साधंसुधं होऊन येतं. "ही गोज" म्हणतात, पण "ही कॅन गो". शेपटीचा तो "ज" गेला. आपल्याकडे उलट, शकणं आणि पाहिजे हे मागून येतात आणि क्रियापदाचंच रूप पालटून टाकतात: जाऊ शकतो, जायला हवं, गेलंच पाहिजे.

हे मला आयुष्यात किती उपयोगी पडलं ते तुला सांगितलं नव्हतं. मी पंपांच्या सूचना-पुस्तिका लिहिते. मस्ट लिहिलं आणि माणसाने तसं केलं नाही, तर पंप फुटतो. शुड लिहिलं आणि केलं नाही, तर पंप कुरकुरतो. मे लिहिलं, तर त्याची मर्जी. नोकरीच्या मुलाखतीत मला हेच विचारलं होतं आणि मी आजोबा, आत्या, पाहुणा असंच सांगून टाकलं. समोरचे तिघं हसले आणि कामावर घेतलं. माझं पोट मामाच्या त्या पुढच्या खोलीवर चाललं आहे, मामी. आणि त्या खोलीत वेळेवर दूध कोण आणून द्यायचं, तेही विसरलेले नाही.

वाक्यं सोबत. यातलं "यू मस्ट ईट" हे जरा वरच्या पट्टीत म्हणून बघ. धार येईल.

हवापालटाला नाही, तर तुमच्या दोघांच्या कुरबुरी ऐकायला यायचंय. तोवर लोभाचा धागा सुईत ओवलेला असू दे.
तुझी
स्वल्पविराम


२९ मार्च

चि. स्वल्पविराम,
अ. आ.

धार आली. सूप समोर ठेवून मी म्हटलं, "यू मस्ट ईट." हे शांतपणे म्हणाले, "आय मे." माझा हात कपाळावर गेला. जित्याची खोड. पण प्यायले सगळं.

आणि एक दिवस स्वतःहून म्हणाले, "आय कॅन गो टू द विंडो." आणि काठी घेऊन, मला हात लावू न देता, खिडकीपर्यंत गेले. मी मागे चालत होते, पडले तर झेलायला. खिडकीशी उभे राहून बाहेरचा रस्ता पाहत होते आणि मी त्यांची पाठ पाहत होते. कुणाकुणाचे आभार मानू असं झालं होतं, त्या बाईंचे, तुझे, काठी करणाऱ्या सुताराचेसुद्धा.

तरीही आज मन ठिकाणावर नाही, तुझ्यापाशी कशाला लपवू? मी इतका अभ्यास करते की एक वाक्य चुकत नाही. तू पाठवतेस ते अक्षर अन् अक्षर पाठ. बाईसुद्धा म्हणाल्या, तुम्ही हुशार विद्यार्थिनी आहात. पण मराठी काही येत नाही. ते इंग्रजीत टाकतात, मी इंग्रजीत परत देते, थाप पडते, नेक्स्ट. घड्याळासारखं चाललं आहे आणि तिथेच चाललं आहे. मराठीचं विचारलं, तर बाईंनी जाताना नुसता माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात मला आवडला नाही.

मला ह्यांच्याशी अशा बोलीत म्हातारं व्हायचं नाही जिच्यात "अगं" नाही. कृतघ्नपणा वाटतो लिहिताना, माणूस समोर आहे, हसतो आहे, सूप पितो आहे. तरी लिहिते.

कोटाच्या बाह्या लावल्या. तुझ्या उत्तराकडे डोळे लावून,
मामी


४ एप्रिल

ती. मामीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र घेऊन दोन दिवस फिरले. आज पंपाच्या चाचणीच्या गोंगाटात उभी असताना एकदम डोक्यात उजेड पडला, तो तसाच लिहिते आहे.

मामी, तू चुकत नाहीस, हीच पंचाईत आहे.

मामा वर्गात इंग्रजी बोलायचा ते धडा देताना. पण मूल चुकलं की तो इंग्रजी खुंटीला टांगायचा. समजवायचा मराठीत, रागवायचा मराठीत, जवळ घ्यायचा मराठीत. म्हणायचा, चुकलेल्याला त्याच्याच भाषेत सांगावं, नाहीतर त्याला दोनदा हरल्यासारखं वाटतं. मी जितकी वर्षं तिथे होते, तितकी वर्षं त्याची मराठी मी माझ्याच चुकांवर ऐकली. आणि तू त्याला चुकीची एक संधी देत नाहीस. पहिल्या बाकावरच्या मुलीला मास्तर काय सांगणार? थाप मारणार आणि पुढे जाणार.

बाईंना विचार, माझं वेड्यासारखं असेल तर सोडून दे. पण तू चुकून बघ. तुझी अडचण मला कळते. कापड एकदाच कापता येतं, म्हणून तू चार वेळा मोजतेस. पण बोलणं म्हणजे कापणं नव्हे गं, बोलणं कच्चा टाका आहे. उसवता येतो.

मी चूक असेन तर माझा कोट माझ्याच अंगावर उसव. पण माया उसवू नकोस.
तुझी
स्वल्पविराम


२० एप्रिल

चि. स्वल्पविराम,

अ. आ., अ. आ., आणि पुन्हा अ. आ.

बाई म्हणाल्या, करून बघा, नुकसान काही नाही. तर मी ठरवून चुकायला लागले. "द कप इज टेबल ऑन" असं तोंड भरून म्हटलं. ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की दात दुखतोय सांगून शाळा बुडवणाऱ्या पोराकडे मास्तर पाहतो ना, तस्सं. थाप नाही, नेक्स्ट नाही. खिडकीकडे तोंड. इतकी वर्षं मुलांच्या चुका पाहिलेल्या माणसाला खोटी चूक कशी खपणार? तीन-चार दिवस मी असा तमाशा केला आणि सोडून दिला. तुझ्यावर थोडी चिडलेही होते, आता सांगायला हरकत नाही.

मग गेल्या मंगळवारी एका गिऱ्हाइकाचा कोट द्यायचा होता. ती बाई दारात उभी, तिची गाडी खाली उभी, बाही एका बोटाने लांब, आणि माझी मापाची टेप सापडेना. ड्रॉवर उपसला, मशीनखाली पाहिलं, कपड्यांचा ढीग उलटा केला. हे खुर्चीत बसून पाहत होते. ह्यांना कळतं सगळं, म्हणून मी विचारायला गेले, आणि सवय झालेली, तर इंग्रजीच तोंडात आलं. पण ते कसलं इंग्रजी. "यू कॅन टु सी माय टेप? ड्रॉवर इन? शेल्फ अंडर? आय मस्ट टु गिव्ह," असं काहीबाही, एकात एक गुंतलेलं. आजोबा, आत्या, पाहुणा, सगळे एकमेकांवर पडले.

ह्यांचं बोट वर झालं. डाव्या हाताचं. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. आणि म्हणाले, "घाई नको. पहिल्यापासून... सावकाश."

मराठीत. मी तिथेच उभी. दारातली बाई काहीतरी बोलत होती, मला ऐकू येत नव्हतं. हे वाक्य मी स्वयंपाकघरातून हजारदा ऐकलं होतं, दुसऱ्यांच्या मुलांसाठी म्हटलेलं. माझ्यासाठी पहिल्यांदाच.

मला वाटलं झालं, एवढंच होतं, पाठांतरातलं. तरी माझ्या डोळ्यांतून पाणी. तेव्हा ह्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, कपाळाला आठी घातली, घाम फुटला इतका जोर लावला, आणि म्हणाले, "अगं."

मग जरा दमले. मग म्हणाले, "टेप. तुझ्या गळ्यात."

होती की गं गळ्यात. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी खाली बसले ती हसत होते की रडत होते, त्या गिऱ्हाइकाला विचार. बिचारी स्वतः पाणी घेऊन आली आणि म्हणाली, कोट उद्या दिला तरी चालेल.

त्यानंतर रोज थोडं थोडं येतं आहे. "पाणी" आलं, "खिडकी" आलं. काल "मीठ कमी" आलं, म्हणजे माणूस सुधारतो आहे. बाई म्हणतात, वाट लांब आहे पण दार उघडलं. मी वर्ग सोडलेला नाही. आता खऱ्या चुका करते, त्या मला फार छान जमतात.

तुझा कोट तयार आहे. न्यायला तूच ये. आतल्या खिशात तुझ्यासाठी काही ठेवणार नाही, कारण माझ्यापाशी तुला द्यायला आहे ते खिशात मावायचं नाही.

तुझी, आता नेक्स्ट नसलेली,
मामी


११ जून

चि. स्वल्पविराम,
अ. आ.

डाव्या हाताने लिहितो आहे. अक्षर पाहून हसायचं तर हस. पहिल्यापासून, सावकाश.

परत जाताना तू नवा कोट घालून दारात उभी राहिलीस, तेव्हा मला खूप बोलायचं होतं. शब्द वेळेवर आले नाहीत. नंतर आले. तू शिकवलंस. मी शिकवलेलंच परत दिलंस, पण व्याजासकट. फार बरं वाटलं, बाळा. फार.

तुझी मामी आता रोज सकाळी मशीनवर बसायच्या आधी समोर येऊन बसते. शुड आणि मस्ट यांत अजून गोंधळ आहे. तिचं शुडसुद्धा मस्टच असतं. मागच्या आठवड्यात तिने विचारलं, माझी परीक्षा कधी घेणार.

तिला पास करायचं नाही, असं मी ठरवलं आहे. तिला सांगू नकोस. पास झाली की वर्ग सुटेल.

तुझा
मामा